दही लागलं नाही त्या दिवशी

आमच्या घरी चहा बिघडला की आधी पाण्याला शिव्या बसतात. दर्यापूर तालुक्यातलं गाव आमचं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी असं, की त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि नवा जावई ग्लास तोंडाला लावून गुपचूप खाली ठेवतो. म्हणून गेल्या श्रावणात आमचे हे दोन दिवस लागोपाठ म्हणाले, "चहा खारट लागून राह्यला," तेव्हा मी म्हटलं, घाईत विहिरीचं पाणी पडलं असेल. विषय तिथंच संपला.

खारट दूध झालं होतं. हे मला दीड महिन्यानं कळलं, आणि तोवर भुरीचा एक सड गेल्यात जमा होता.

भुरी म्हणजे आमची पूर्णाथडी म्हैस. रंगानं काळी नाहीच. चहात दूध जरा जास्त पडावं तशी, शेपटीचा गोंडा पांढरा. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, "ही म्हैसच आहे नं?" आमच्याच गोठ्यात जन्मली, तिसरं वेत, आषाढात जनली, वगार म्हणजे मादी पारडू झालं. दोन्ही वेळचं मिळून सहा लिटर दूध. भरपूर दूध देणाऱ्या मुऱ्हा म्हशींवाले हसतील, हसू द्या. तुरीच्या कुटारावर आणि दोन मुठी सरकी ढेपेवर, या पाण्यावर, यापेक्षा जास्त कोणी मागूही नये.

त्या दिवशी सकाळी धार काढायला बसले. मागचा डावा सड धरला न धरला तोच तिनं पाय झाडला. आजवर तिनं मला कधी लात मारली नव्हती. हात लावून पाहिलं तर तो भाग गरम, आणि आत कणकेच्या गोळ्यात गोटा राहून गेल्यासारखं टणक. पहिली धार तळहातावर घेतली. पिवळसर पाणी, आणि त्यात फाटलेल्या दुधासारखे बारके चोथे. सासूबाईंनी ओट्यावरूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "दगडी झाली व तिले."

कासदाह, दगडी, नाव काहीही घ्या. जनावरांच्या दवाखान्याच्या 1962 या नंबरवर फोन लावून डॉक्टरला बोलवायला हवं होतं, हे मलाही ठाऊक होतं. पण कपाशीच्या फवारणीचे दिवस. हे तालुक्याला औषध आणायला चाललेच होते, त्याच फेरीत जनावरांच्या मेडिकलवरून सडात सोडायच्या तीन ट्यूबा घेऊन आले. चिठ्ठी नाही, काही नाही. "बाजूच्या वाड्यातल्या जर्सीले याच लागू पडल्या होत्या," एवढाच आधार. दोन दिवस दोन ट्यूबा सोडल्या. सूज उतरली, दूध पांढरं झालं. तिसरी ट्यूब मी फ्रिजच्या दारात ठेवून दिली, पुढे कामी येईल म्हणून. काटकसरीची सवय, दुसरं काय.

त्याच आठवड्यात दही लागलं नाही. रात्री विरजण लावलं, सकाळी पाहते तर दूध तसंच पातळ, वर नुसता आंबूस वास. दुसऱ्या दिवशीही तेच. सासूबाईंनी आधी गंज बदलला, मग विरजण शेजारून आणवलं, मग मीठ-मिरच्या घेऊन भुरीची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका लागला नाही म्हणून त्यांची खात्रीच पटली. औषधाचं नाव कोणाच्याही तोंडी आलं नाही. खरं तर दह्याचे जंतू त्या दुधात जगूच शकत नव्हते, कारण दुधात औषध उतरलेलं होतं. एका सडात सोडलेलं औषध रक्तातून बाकीच्या सडांच्या दुधातही थोडंफार येतं, त्यामुळे आजारी सड सोडून बाकी तिघांचं दूध चालतं, हाही आमचा गैरसमज.

आणि ते दूध आम्ही घरीच ठेवलं नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ कॅन भरून दूध केंद्रावर गेलं. फॅट लागली, पावती मिळाली. हे लिहिताना मला आजही बरं वाटत नाही.

बारा-तेरा दिवसांनी पुन्हा तोच सड, तीच कास. फ्रिजमधली ट्यूब सोडली. काही फरक नाही. मग मोटारसायकलवर फिरणारे एक जण आहेत, डॉक्टर नाहीत, पण सुई टोचतात, त्यांनी "हे भारीतलं हाये" म्हणत दोन दिवस इंजेक्शन दिलं. उतार पडला, आम्ही थांबलो. दूध पांढरं दिसलं की बरं झालं, हा आमचा हिशोब. आठ दिवसांनी परत. तेव्हा दुसरं भारीतलं. पोळ्याला बैलांची खांदमळणी चालली होती आणि मी गोठ्याच्या मागच्या बाजूला भुरीच्या कासेला हळद-चुना-कोरफड लावत बसले होते.

त्या लेपाला नावं ठेवू नका. 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद, 15 ग्रॅम चुना, हे प्रमाण राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही सांगतं, दिवसातून आठ-दहा वेळा लावायला. सासूबाईंचं प्रमाण अंदाजपंचे होतं, एवढाच फरक. पण आमची वेळ निघून गेली होती.

शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम आल्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण गोठ्यात शिरल्याबरोबर आधी जमीन पाहिली. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीचं काय होतं ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. म्हशी त्यातच बसायच्या. मग त्यांनी विचारलं, "आतापर्यंत काय काय दिलं?" मी ट्यूबांची रिकामी टरफलं, बाटल्या, सगळं पिशवीत जमा करून ठेवलं होतं. त्यांनी ते ओट्यावर ओळीनं मांडलं. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ताई, हे सगळं एकाच म्हशीला?"

चार वाट्यांचं एक प्लास्टिकचं ताट त्यांनी काढलं. प्रत्येक सडाची धार वेगळ्या वाटीत, त्यात तेवढंच जांभळं पाणी, आणि ताट गोल गोल हलवलं. मागच्या डाव्याचं दूध क्षणात शेंबडासारखं घट्ट झालं, वाटीला चिकटून बसलं. ते अपेक्षितच होतं. पण पुढच्या उजव्या सडाचं दूधही तार धरू लागलं. त्या सडाला ना सूज, ना ताप, दूध बर्फीसारखं पांढरंशुभ्र. आजाराशी लढायला शरीर ज्या पांढऱ्या पेशी पाठवतं त्या दुधात उतरतात, आणि त्या औषधानं फुटल्या की दूध असं गोठतं, असं त्यांनी सांगितलं. "याला छुपा कासदाह म्हणतात. डोळ्याला दिसत नाही. कधी कधी चव मात्र खारट होते."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं.

नमुना घ्यायची रीत पाहून मला आमची रोजची धार आठवून लाज वाटली. सड धुतला, कोरडा पुसला, टोकाला स्पिरिटचा बोळा घासला, पहिल्या धारा टाकून दिल्या आणि मग निर्जंतुक बाटली आडवी धरून तिच्यात दोन-तीन धारा. बाटलीच्या तोंडाला बोटही लागू दिलं नाही. बर्फाच्या डब्यात ठेवून हे म्हैसांगवरून अकोल्याला गेले.

तीन दिवसांनी अहवाल घ्यायला मीही गेले. प्रयोगशाळेतल्या मुलीनं हौसेनं बशी दाखवली. काचेची चपटी बशी, त्यात वडीसारखा थापलेला फिकट थर, आणि त्यावर कागदाच्या पांढऱ्या गोल टिकल्या. प्रत्येक टिकलीत वेगळं औषध. बशीभर भुरीच्या सडातले जंतू पेरून एक रात्र उबेत ठेवलेले. ज्या औषधाला जंतू भितात त्या टिकलीभोवती मोकळं अंगण सुटतं, जसं शेणाच्या सड्यावर रांगोळीच्या ठिपक्याभोवती. ज्याला भीत नाहीत, तिथं जंतू थेट कागदाच्या काठापर्यंत येऊन बसतात. पाचपैकी चार टिकल्यांना अंगण नव्हतंच. पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, आणि ते दोन्ही "भारीतले". जेंटामायसिनभोवती तेवढा स्वच्छ गोल. आम्ही दीड महिना ज्यावर पैसे घातले, त्यांच्या कडेला जंतू अंगतपंगत जेवायला बसल्यासारखे दिसत होते. स्टॅफिलोकोकस ऑरियस, असं त्या जंतूचं नाव अहवालात.

मॅडमनी समजावलं ते मला तणाच्या भाषेत कळलं. अर्धं तणनाशक मारलं की कोवळं जळतं, चिवट उरतं, आणि त्याचंच बी पडतं. यांनी विचारलं, "पण जनावराच्या औषधाचा माणसाशी काय संबंध?" त्या म्हणाल्या, औषधं बरीचशी तीच आहेत. कोलिस्टिन नावाचं औषध माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखायचं, म्हणून 2019 मध्ये जनावरांना द्यायला सरकारनं बंदी घातली. यांनी त्यानंतर प्रश्न विचारला नाही.

पाच दिवस पूर्ण औषध, एकही दिवस न चुकवता. आणि त्यानंतर सात दिवस दूध केंद्रावर नाही, घरात नाही, वगारीलाही नाही. औषधाच्या वेष्टणावर मुदत लिहिलेली नसेल तर दुधासाठी किमान सात दिवस, असा नियमच आहे. दूध तोवर चार लिटरवर आलं होतं. पन्नासच्या भावानं रोजचे दोनशे, बारा दिवसांचे चोवीसशे. हिशोब मी केला. पण ते दूध ओतायला सासूबाई तयार होईनात. "दूध मातीत जाऊ नये माय," एवढंच म्हणायच्या. उकिरड्यापासून लांब खड्डा खणला. पहिल्या दिवशी बादली त्यांनीच उचलली, खड्ड्याशी जाऊन हात जोडले, मग ओतली. बाराही दिवस तसंच केलं.

पुढचा सड वाचला. मागचा डावा वाचला नाही. बशीत औषध चाललं म्हणजे कासेत चालेलच असं नसतं. आत गाठी धरल्या की जंतू तिथं दडून बसतात, औषध पोचत नाही. व्यापारी येऊन गेला, तीन सडाची म्हैस म्हणून पंचावन्न हजार सांगितले. जनली तेव्हा ऐंशीला मागितली होती. आम्ही दिली नाही.

आता धार काढायच्या आधी हात धुते, अंगठा मुडपून सड ओढायचं सोडलं, पहिली धार काळ्या ताटलीत पाहते. धार झाल्यावर सड आयोडीनच्या पेल्यात बुडवते आणि लगेच कुटार टाकते, कारण सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, तोवर म्हैस बसायला नको. फ्रिजच्या दारात आता फक्त लिंबं असतात.

एक गोष्ट मात्र अजून अंगवळणी पडली नाही. हाच रोग हातावरून एका म्हशीचा दुसरीला जातो, म्हणून आजारी झालेलीची धार शेवटी काढायची. मी इतकी वर्षं भुरीलाच पहिली बसायचे, लाडाची म्हणून. आता बादली घेऊन तिच्यासमोरून काळीकडे, आमच्या दुसऱ्या म्हशीकडे जाते, आणि ती दावं ताणून, मान वळवून रेकत राहते. काळीची धार पुरी होईपर्यंत.