तुम्ही विचारलंत म्हणून: दोनच स्प्रे का?

सगळे हेच विचारता. दालचिनी-तंबाखूचा एवढा दमदार परफ्यूम, आणि मारतोस दोनच स्प्रे, तेही शर्टाच्या आत छातीवर, मग लावतोस तरी कशाला? वर, आम्हाला तर वासच येत नाही. येतो. शेजारी बसलं, मिठी मारली की येतो, आणि तेवढाच यावा असं मला आता वाटतं. पूर्वी मीच आठ मारायचो.

चार मानेवर, दोन मनगटांवर, दोन कपड्यांवर. तेव्हा माझं म्हणणं असं की लवंग, केशर, चामडं असला वास दरवळायलाच हवा, नाहीतर लिंबाचं काहीतरी लावा की. त्यात अर्ध्या तासात मला स्वतःला वास येईनासा व्हायचा, मग उडाला समजून परत मारायचो. उडालेला नसायचाच. सतत एकच वास आला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. लिंबाचा वास लवकर जातो, पण व्हॅनिला आणि राळेसारखे जड वास सावकाश उडतात, दुसऱ्या दिवशीही शर्टाला असतात. हे मी वाचलेलं होतं, तरी मारायचो.

ही आवड मुळात दादाची. तो दाढी झाली की ओल्ड स्पाइस लावायचा, १९३८ पासून पुरुषांसाठी निघतोय तो, त्यातली लवंग माझ्या नाकात लहानपणापासून बसलेली. २०१२ मध्ये स्पाइसबॉम्ब नावाचा परफ्यूम निघाला, ग्रेनेडच्या आकाराची बाटली, माझी पहिली बाटली दादानेच दिली.

मग दादाची केमो सुरू झाली. मी भेटायला गेलो तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि त्याला आवडतो म्हणून नेहमीपेक्षा जास्तच मारून. खिडक्या बंद, एसी चालू, मी पलंगाच्या कडेला बसलो. दोन मिनिटं बोलला असेल, मग चादरीचं टोक नाकावर धरलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं औषधाचं असेल, म्हणून मी अजून जवळ सरकलो, पाठीवरून हात फिरवायला लागलो. त्याला उलटी झाली. वहिनी हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, जरा बाहेर बसता का, तो वास..."

बाथरूममध्ये तीनदा साबणाने मान घासली. मान लाल झाली, दालचिनी गेली, व्हॅनिला जाईना. शेवटी दादाचा जुना टीशर्ट घालून दारात खुर्ची टाकून बसलो. तिथूनच तो म्हणाला, "वास चांगलाच आहे रे, मलाच सहन होत नाहीये." केमोत बऱ्याच जणांचं असं होतं, आवडता वाससुद्धा मळमळ आणतो, हे मला नंतर कळलं. पण त्या अवस्थेत तो मलाच सांभाळून घेत होता, ते अजून सलतं.

तर कसा लावायचा. आंघोळीनंतर साधं, बिनवासाचं लोशन, त्यावर छातीवर दोन, उकाड्यात एकच. अंगाच्या उबेने तो कॉलरमधून हळूहळू वर येतो. निघायच्या वीस मिनिटं आधी लावा म्हणजे सुरुवातीचा मिरीचा झणका ओसरतो. मानेवर मी मारत नाही, नाकाखालीच वास राहिला की स्वतःला लवकर कळेनासा होतो. आणि लवंग-दालचिनीतली द्रव्यं काहींच्या त्वचेला चावतात, तेव्हा आधी कोपराच्या आत थोडासा लावून दिवसभर बघा.

थंडीत, मोकळ्या हवेत चार मारलेत तरी माझं काही म्हणणं नाही. तो आठवाला मी पूर्ण चूक होतो असंही नाही, दरवळ ही या वासाची अर्धी मजा आहेच. आणि दोनने सगळे सुटतात असंही नाही, एखाद्याला एकही नको असतो.

दादा आता बरा आहे, परत दाढीनंतर तोच लावतो. तुमच्यासारखंच विचारतो, एवढं चोरून काय लावतोस? त्यालाही मी नीट उत्तर दिलेलं नाही. मागच्या महिन्यात त्याने बाटली उचलून सरळ माझ्या मानेवर एक मारला. मी पुसला नाही.