बंब येईपर्यंत

जानेवारीत गावाकडनं चुलतभावाचा फोन आला, अण्णांचा ऊस पेटला. तारा एकमेकीला घासून ठिणगी पडली म्हणे, आणि तोडीला आलेला फड, खाली वाळलेलं पाचट, वर दुपारचा वारा, मग काय राहतंय. आधी कारखान्याला फोन केला कारण त्यांचा स्वतःचा बंब आहे, तर तो दुसऱ्या गावात दुसऱ्या फडावर गेलेला. मग तालुक्याला नगरपालिकेत. तालुका २६ किलोमीटर. तिकडनं विचारतात, रस्ता कुठनं आहे? आता पाणंदीचा पत्ता फोनवर कसा सांगणार, शेवटी एक पोरगं गाडी काढून हायवेला जाऊन उभं राहिलं आणि बंबाच्या पुढं पुढं वाट दाखवत आलं.

आला तो ओढ्याच्या अलीकडंच थांबला, मोरी खचलेली, भरलेल्या बंबाचं वजन तिला झेपलं नसतं. तिथनं पाइप जोडत जोडत आणले. बरोबर माणसं किती, तर ड्रायव्हर धरून दोन, आणि फायरमन कंत्राटी, पायात साधे बूट. ४,५०० लिटरचा बंब ऐकायला मोठा वाटतो पण दोन लाइनी फुल्ल सोडल्या तर दहा मिनिटं पण पुरत नाही. परत भरायचा कुठं? विहीर काठोकाठ भरलेली, पण त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रपाळीची, मोटर चालू होणार रात्री. म्हणजे शंभर फुटांवर पाणी आणि बंब कोरडा. आग खरी अडवली ती गावातल्या पोरांनी, मधला ऊस कोयत्यानं तोडून पट्टा मोकळा केला आणि ओल्या पोत्यांनी बडवत बसले. जळीत ऊस नंतर कारखान्यानं नेला, कपात लावून.

अण्णा बंबवाल्यांवर जाम भडकले होते. मला काय ते पटलं नाही, त्या दोघांनी करायचं तरी काय. ७४व्या घटनादुरुस्तीत अग्निशमन सेवा आली ती नगरपालिकांच्या कामांच्या यादीत, ग्रामपंचायतींच्या यादीत ती नाहीच. म्हणजे गाव पेटलं तर तालुक्याच्या गावानं धावायचं, स्वतःचं गाव सांभाळून.

मी हे पुण्यात अकराव्या मजल्यावर बसून लिहितोय म्हणून लगेच हुशारी मारायला नको. एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताहात आमच्या सोसायटीत ड्रिल झालं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्या आठवणीत हा सप्ताह असतो. आलेल्या जवानानं जिन्यातला आग विझवायच्या पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवला तर आधी हवा, मग गंजाचं लाल पाणी, मग काहीच नाही. आता राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत एजन्सीकडून बी फॉर्म घ्यावा लागतो, सगळी यंत्रणा चालू आहे म्हणून. आमचा होता ना, सही-शिक्क्यासकट, ऑफिसात फाइलला व्यवस्थित लावलेला! तो माणूस काही बोलला नाही, नुसता फाइलकडं बघत राहिला. मग चहा पिताना काळबादेवीचं सांगत होता, २०१५ ची आग, जुनी लाकडी इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, त्यात खुद्द प्रमुख. गल्लीबोळाची वस्ती, जुन्या इमारती, आतमध्ये कोण काय भरून ठेवलंय ते कोणालाच माहीत नाही, आणि आत शिरायचं मात्र यांनी.

जाताना गेटकडं आणि आत दोन्ही बाजूला लावलेल्या गाड्यांकडं बोट करून म्हणाला, साहेब, आमची गाडी आठ फूट रुंद धरा, ही इथनं येणार कशी? सेक्रेटरी काका हसून म्हणाले, अहो बंब काय रोज येतो का. पार्किंगचा विषय तिथंच संपला.

रात्री मी टेप घेऊन खाली गेलो. दोन्ही बाजूच्या गाड्यांच्या आरशांमधून मोजलं, सात फूट दोन इंच. डावीकडची तिसरी गाडी माझीच. मी ती काढून बाहेर रोडला लावली, वॉचमन बघत होता, त्याला वाटलं असेल भांडण झालंय घरी. सकाळी दूध आणायला उतरलो तर माझ्या जागेवर दुसऱ्याची लागलेली.