अक्षतांचा बिटरेट

ताई आमच्या व्हिडिओच्या दुकानात आल्या तेव्हा हातात एक व्हीसीडी आणि एक पेनड्राइव्ह होता. "दादा, एचडी करून घेतलं, तरी चेहरा दिसत नाही हो," म्हणाल्या. लग्न २००३ चं, परळच्या हॉलमधलं. अंतरपाटाच्या वेळी त्यांच्या मागे उभा असलेला मामा त्यांना बघायचा होता. आई लहानपणीच गेली, मामाने वाढवलं. गिरणी कामगार माणूस, १९८२ च्या संपात नोकरी गेली, तरी भाचीचं शिक्षण थांबू दिलं नाही. तो गेल्या वर्षी गेला. अल्बममधल्या फोटोत तो नेमका अर्धा कापलेला.

पेनड्राइव्हवरची फाइल ९ जीबीची निघाली. एका ठिकाणी व्हीसीडीवरूनच २० एमबीपीएस बिटरेटला, म्हणजे सेकंदाला २० मेगाबिट माहिती खर्चून, बनवून दिली होती. एवढी मोठी फाइल म्हणजे चित्र चांगलंच असणार, असं कुणालाही वाटेल. पण व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ चं, बिटरेट जेमतेम ११५० केबीपीएस, म्हणजे सव्वा एमबीपीएससुद्धा नाही. त्या वेळी जे टाकून दिलं, ते नंतर कितीही बिटरेट दिला तरी परत येत नाही. पाव किलो साखर दहा किलोच्या डब्यात ओतली तरी ती पाव किलोच राहते. मामाच्या जागी चौकोन होते आणि त्या ९ जीबीत ते चौकोनच नीट जपले गेले होते.

"मूळ कॅसेट आहे का?" गिरगावातल्या आमच्या दुकानात हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतोच. व्हीसीडी हातात आली की लोक कॅसेट विसरून जातात. ताईंनी डोंबिवलीला दिरांना फोन लावला. पुढच्या रविवारी माळ्यावरच्या ट्रंकेतून निघालेली मिनीडीव्ही, म्हणजे कॅमेऱ्यातली छोटी डिजिटल कॅसेट, घेऊन आल्या, रुमालात गुंडाळून.

कॅसेट चांगली होती. फायरवायरच्या केबलने कॉम्प्युटरवर तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो. १३ जीबी झाले. या कॅसेटवरच्या डीव्ही चित्राचा बिटरेट २५ एमबीपीएस आणि त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबलेली असते, त्यामुळे एका फ्रेमच्या गडबडीचा दुसरीला त्रास नाही. मामा स्वच्छ दिसत होता. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं.

मग चूक मी केली. टीव्हीवर आणि मोबाइलवर चालावं म्हणून एच.२६४ करायचं होतं, म्हणजे व्हिडिओ दाबून फाइल लहान करायची पद्धत. नेहमीच्या सवयीने २ एमबीपीएस स्थिर लावला, सुरुवात, मध्य आणि शेवट तपासला (सीमांतपूजन, आहेर, पंगत) आणि पेनड्राइव्ह दिला. रात्री फोन आला. "दादा, परत तेच झालं."

त्या आवाजाने मला झोप लागेना. दुकान उघडून मंगलाष्टकं लावली. "सावधान" म्हणताच चारी बाजूंनी अक्षता उडत होत्या आणि त्याच क्षणी मामाचा चेहरा विरघळत होता. एच.२६४ मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच मुख्यतः साठवतो. पंगतीत बसलेला माणूस फारसा बदलत नाही, त्याला थोडे बिट पुरतात. शेकडो तांदूळ हवेत उडाले की अख्खं चित्रच बदलतं. बिट ठरलेलेच, मग ते तांदळांत संपतात आणि चेहरे उपाशी राहतात. लग्नाच्या सगळ्या व्हिडिओत सर्वांत अवघड भाग हाच आणि मी नेमका तोच तपासला नव्हता.

या वेळी बिटरेट ठरवलाच नाही, दर्जा ठरवला. एच.२६४ बनवणाऱ्या एक्स२६४ या सॉफ्टवेअरमध्ये त्याला सीआरएफ म्हणतात. आकडा लहान तेवढं चित्र चांगलं, काहीच सांगितलं नाही तर तो २३ धरतो. मी १७ ठेवला. मूळ चित्र इंटरलेस्ड, एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी, म्हणून ते सोडवून सेकंदाला ५० फ्रेम केले, नाहीतर उगारलेल्या हाताला कंगव्यासारखे दाते दिसतात. फाइल झाल्यावर बिटरेटचा आलेख उघडला आणि बघतच राहिलो. भटजींच्या मंत्रांपाशी रेषा सपाट, आणि दर "सावधान"ला सुळका. नऊ कडवी, नऊ सुळके. कुठे ३-४ एमबीपीएस, तर सुळक्याच्या टोकाला १४ च्या वर. एकूण फाइल तरी अडीच जीबीच भरली.

दुसऱ्या दिवशी ताई मुलीला घेऊन आल्या. मी मोठ्या मॉनिटरवर थेट पाचवं कडवं लावलं. अक्षता उडाल्या, एकेक दाणा वेगळा दिसत होता, आणि त्यांच्यामागे मामा. ताई काही बोलल्या नाहीत. मग मुलीचा हात धरून म्हणाल्या, "बघ, डाव्या हाताने टाकतोय. मामा डावखुरा होता, तुला सांगितलं होतं ना."

तेवढाच तुकडा त्यांनी चार वेळा बघितला. मी अडीच जीबीची फाइल दिली, आणि त्यासोबत मूळ १३ जीबीही एका हार्डडिस्कवर भरून दिले. कॅसेट रुमालात परत बांधली आणि रुमालावर चिठ्ठी लावली : फेकू नये.