पौषातल्या द्वितीयेची तयारी

मार्गशीर्ष शुद्ध दशमी

पुण्याहून भाचीचा फोन. पौषात ती आणि जावईबापू येतायत. "मावशी, कुठल्या टूरबरोबर नको. आपलं आपण ठरवू. एक दिवस नदीतून होडीने लांबवर आत जायचं आणि एक दिवस हत्ती." तिच्या ऑफिसातली मंडळी थायलंडला जाऊन हत्तीवर बसून आली. आपल्या सिंधुदुर्गातही हत्ती आहेत हे तिने बातम्यांत पाहिलं होतं.

होडीचं ऐकून मला इतका आनंद झाला की लगेच हो म्हणून बसले. तारकर्लीला येणारे पाहुणे संगमावर चक्कर मारतात, डॉल्फिन दिसले की परत. कर्ली नदी आत कशी वळत जाते ते बघायला कोणी थांबत नाही. हत्तीचं मात्र मी "बघू" म्हटलं.

मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी

देवबागला जाऊन आले. आमच्या ओळखीचे तात्या आता मासेमारीला फारसे जात नाहीत, पण होडी आहे आणि खाडीचा तळ त्यांना पाठ आहे. मी मोबाइलवरचा नकाशा उघडून किती किलोमीटर, किती तास असं विचारायला लागले. त्यांनी तो बघितलासुद्धा नाही. विचारलं, "तिथ खयची?"

मग अर्धा तास त्यांनी मला पाणी समजावून सांगितलं. अमावास्या किंवा पौर्णिमा झाली की प्रतिपदेपासून पुन्हा मोजायला सुरुवात करायची. "तिथीचो पाव भाग काढून टाका, उरात तो भरतीचो टायम." चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. दिवसाला पाऊण तास पुढे. हा हिशेब किनाऱ्यावर बहुतेकांना येतो. मलाही येत होता, पण त्यावरून प्रवास कसा बेतायचा ते आज कळलं.

अष्टमी नको, म्हणाले. त्या दिवशी सकाळी सहाला भरती आणि ऐन दुपारी सुकती, पूर्ण ओहोटी, म्हणजे आत गेलेली होडी चिखलावर बसायची. शिवाय तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक अगदी कमी, पाण्याला ओढ नसते. द्वितीया चांगली. भरती दीडला, म्हणजे सकाळी सात-साडेसातपासून पाणी चढायला लागणार, तेही उधाणाचं. होडी त्याच्याबरोबर सोडायची. इंजिन हळू ठेवलं तरी पाणी आपल्याला आत नेतं. "पाणी चढता तेवा जावचा, उतरता तेवा येवचा. मधी पाण्याशी झगडो करूचो नाय."

मी म्हटलं, मग दुपारी ओहोटीबरोबर परत देवबागला. त्यांनी मान हलवली. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं आणि वारा आत येणारा, दोघं मुखाजवळ एकमेकांवर चढतात आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. नवख्या माणसांना घेऊन तिथे जाऊ नये. म्हणून ठरलं ते असं: सकाळी देवबागहून निघायचं, समोर भोगवे, मग कोरजाई, पुढे तिवरांच्या मधून सरळ वालावल. तिथे उतरायचं. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, तळ्याकाठी डबा, आणि परत गाडीने. तात्या संध्याकाळी वारा पडल्यावर रिकामी होडी घेऊन ओहोटीबरोबर घरी जातील. एकेरी प्रवासाचा एवढा नीट विचार मी घरी बसून कधीच केला नसता.

लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येत असलं तरी. जावईबापूंना आधीच सांगून ठेवायला हवं.

मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंती

देवळातून आल्यावर दोडामार्गला आतेभावाला फोन लावला. त्याची सुपारीची बाग तिलारी खोऱ्यात आहे. हत्ती बघायला मुलं येतायत म्हटल्यावर तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "बाय, तू येवा, पोरांका घेवन येवा. पण हत्ती बघूक म्हणान येव नको."

२००२ साली कर्नाटकातल्या जंगलातून हत्ती पहिल्यांदा दोडामार्गात उतरले. पुढे ते कुडाळच्या माणगाव खोऱ्यापर्यंत गेले. तिथले तीन हत्ती २०१५ मध्ये पकडून वनखात्याच्या आंबेरीतल्या तळावर ठेवले होते. दोडामार्गातले येत-जात राहिले. मोर्ले, केर, हेवाळे, घाटिवडे ही नावं आम्ही हत्तीच्या बातम्यांतच वाचतो. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खातो. माणसाने लावलेली केळ, सुपारी, माड एका जागी उभे असताना तो डोंगरात कशाला वणवण करील? भेडला माड तर त्याच्या विशेष आवडीचा. आडवा पाडून आतला गाभा खातो. भावाची अर्धी बाग अशीच गेली. पंचनामा झाला, भरपाईही मिळाली. पण माड धरायला सहा-सात वर्षं लागतात, आणि ती वर्षं भरपाईत येत नाहीत.

२०२५च्या एप्रिलमध्ये मोर्ल्यात काजूच्या बागेत गेलेले एक वयस्क शेतकरी हत्तीच्या हल्ल्यात गेले. भाऊ त्यांना ओळखत होता. तरीही त्याच फोनवर तो ओंकारबद्दलही बोलला. ओंकार तरणा हत्ती, कळपापासून सुटून गोव्यात पेडण्याकडे गेला, मग बांद्याच्या बाजूला परतला. तेरेखोल नदीच्या पाण्यात उभा असताना लोकांनी त्याच्यावर फटाके फेकले. "ता बघून माका रात्री जेवण गेला नाय," भाऊ म्हणाला. ज्याची बाग हत्तीने मोडली त्याने हे म्हणावं, यावर मी आज खूप वेळ विचार करत बसले. त्याचा राग खरा आहे आणि ही कळवळही खरी आहे. हत्तीसाठी रान सलग ठेवायला हवं आणि शेतकऱ्याला त्याच्या कष्टाचं मोल मिळायला हवं, या दोन मागण्या एकाच माणसाच्या तोंडी असू शकतात हे आपल्याला बाहेरून दिसत नाही.

आणि पाठीवर बसण्याचं म्हणाल तर रानातला हत्ती माणसाला आपण होऊन पाठ देत नाही. लहानपणी आईपासून तोडून, बांधून, मारून त्याला तसं शिकवलं जातं. भाचीला हे सांगणार आहे.

मार्गशीर्ष वद्य पंचमी

सांगितलं. मला वाटलं होतं ती हिरमुसेल. तिने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मामाकडे काय करायचं?"

पौषात सुपारी काढणीला आलेली असते. सोलायला, वाळत घालायला माणसं कमीच पडतात. दिवसभर तिथे बसायचं. भावाबरोबर उजेडात तिलारी धरणापर्यंत जाऊन यायचं. हीच नदी पुढे गोव्यात शापोरा होऊन समुद्राला मिळते. खोऱ्यातलं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल २०२१ मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं, ते लांबून तरी दिसेल. रानात माग काढत जायचं नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेनंतर बागेतून फिरायचं नाही, कारण तीच हत्तींची बाहेर पडायची वेळ. ड्रोन आणायचा नाही, हे जावईबापूंना वेगळं सांगितलं. वनखात्याची माणसं आणि गावातली मुलं हत्तीच्या मागावर असतात. त्यांनी त्या बाजूला येऊ नका म्हटलं तर त्या दिवशी भावाकडे जायचंच नाही, सावंतवाडीला मोती तलावाकडे जाऊ.

वाटेत ताजं शेण किंवा मोडलेली केळ दिसली तर भाऊ दाखवील. तेवढं पुरे आहे, असं भाचीच म्हणाली.

उद्या तात्यांना द्वितीयेचं पक्कं कळवायचं, आणि डब्यासाठी उकडे तांदूळ संपलेत ते आणायचे.