एक्सपल्सला स्टिअरिंग डॅम्पर बसवला त्याबद्दल

आधी सरळच सांगतो, हिरोच्या एक्सपल्स बाईकला स्टिअरिंग डॅम्पर (हँडलला बसणारे झटके शोषणारा भाग) लागतोच असं अजिबात नाही. २०० सीसीची, १५८ किलोची गाडी, पुढे २१ इंची चाक, रोज ऑफिसला जायला आणि रविवारी मावळात चिखल खायला आहे तशी मस्त आहे. मी लावला कारण माझं बहुतेक रायडिंग पुरंदर-भोर पट्ट्यातल्या माळावर आणि बैलगाडीच्या वाटांवर असतं, आणि तिथे मुरमात अर्धे गाडलेले काळे दगड असतात, ते जागचे हलत नाहीत, हलते ती आपली गाडी. पन्नास-साठच्या स्पीडला चाकाची कड असल्या दगडाला घासली की हँडल झटक्यात एका बाजूला जातं, अंगठा मुरगळतो, आणि दिवसभर हेच चालू राहिलं की संध्याकाळी क्लच दाबायला बोटं तयार नसतात. मग दोनच पर्याय, एक तर हळू चालवा (हे घरच्यांचं मत) नाहीतर काहीतरी लावा.

असं होतं का ते थोडक्यात. पुढचा चिमटा (फोर्क, म्हणजे चाक धरणारे दोन पाय) तिरका असतो, हँडल ज्या रेषेभोवती फिरतं ती रेषा जमिनीपर्यंत लांबवली तर चाक टेकतं त्याच्या थोडी पुढे पडते, त्या अंतराला ट्रेल म्हणतात आणि त्याच्यामुळेच चाक आपलं आपण सरळ होत राहतं. पण मार एका बाजूने बसला की चाक वळतं, सरळ व्हायला येतं, येताना मधली जागा ओलांडून पलीकडे जातं, परत उलटं, आणि त्यात वेग जास्त असेल, मागे सामान बांधून पुढचं टोक हलकं झालं असेल तर हे थांबायच्या ऐवजी वाढत जातं. टँक स्लॅपर म्हणतात तो हाच. ज्याने एकदा अनुभवलाय त्याला वेगळं समजावून सांगायला नको.

डॅम्पर काय करतो तर हँडल किती वळलं ह्याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, किती जोरात वळलं ते तो बघतो. रोटरी डॅम्परच्या आत तेलाने भरलेली खोली आणि त्यात एक पातं, हँडल फिरलं की पातं तेलाला बारीक भोकातून आणि व्हॉल्व्हमधून पलीकडे ढकलतं, हळू फिरवलं तर तेल आरामात जातं, दगडाने फटका दिला तर तेलाला जायला वेळच मिळत नाही आणि तो झटका हातापर्यंत येईतो निम्मा झालेला असतो. स्कॉट्सचा जो प्रसिद्ध डॅम्पर आहे, जो स्वीडनची ओलिन्स कंपनी बनवते, त्यात अजून एक गंमत आहे, मधून बाहेर जाताना तो दाबतो पण परत मध्ये येताना हँडल मोकळं सोडतो. काही डॅम्पर दोन्हीकडे दाबतात. डोंगरातल्या अरुंद वाटांवर मला पहिला प्रकार बरा वाटतो, रेतीत सुसाट जाणाऱ्यांचं मत वेगळं असू शकतं. डाकारच्या रॅली गाड्यांवर तर हँडलपाशी डॅम्पर दिसणारच, आणि होंडाने २००८ पासून सीआरएफ ४५० आर ह्या मोटोक्रॉस बाईकला कंपनीतूनच एक द्यायला सुरुवात केली, का तर गाडी वळायलाही चटपटीत हवी आणि सरळ जाताना स्थिरही हवी.

ऑनलाईन दोन-तीन हजाराला जे रंगीत दांडीवाले लिनिअर डॅम्पर मिळतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. होंडाचा पण लिनिअरच आहे, पण तो त्या गाडीच्या मापाने बनवलाय. हे स्वस्तातले स्पोर्ट बाईकसाठी असतात, तिथे हँडल फारसं वळत नाही, आपल्या गाड्यांचं हँडल भरपूर वळतं आणि दांडीचा स्ट्रोक (आत-बाहेर सरकायची मर्यादा) आधीच संपतो, म्हणजे ऐन यू-वळणावर हँडल अडकणार. शिवाय ती दांडी उघडी, चिखल-धूळ बसून तिच्यावर ओरखडे पडले की सील गेलंच समजा.

नवा परदेशी रोटरी घ्यायचा तर चारशे-पाचशे डॉलरच्या पुढेच खेळ, वर कस्टम ड्यूटी. माझ्या एका मित्राने त्याची मोठी गाडी विकताना त्याच्यावरचा डॅम्पर काढून ठेवला होता, तो मी घेतला. डॅम्पर आला पण माउंट (तो गाडीवर बसवायचा जोड) दुसऱ्याच गाडीचा, आणि एक्सपल्सचा तयार माउंट मला काही मिळाला नाही. म्हणजे माउंट बनवून घ्यायला भोसरी एमआयडीसी.

पण लेथवाल्याकडे जायच्या आधी एक काम, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणात महत्त्वाचं तेच आहे. कोनसेट, म्हणजे हँडल ज्याच्यावर फिरतं ते वाट्या-गोळ्यांचं बेअरिंग. इंजिन गार्डखाली जॅक लावून पुढचं चाक अधांतरी केलं, चिमट्याचे दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे हलवले, अगदी बारीक टकटक हाताला लागली. मग एका बोटाने हँडल सावकाश फिरवलं तर बरोब्बर मध्ये आलं की ते किंचित अडकायचं, जणू तिथे खाच आहे. खाचच होती. उघडल्यावर खालच्या वाटीत गोळ्यांचे ठसे ओळीने उमटलेले, नखाला लागतील इतके, आणि ग्रीसच्या जागी तपकिरी चिखल. असल्या गाडीला डॅम्पर लावला तर तो आजार झाकतो, बरा करत नाही, आणि आत वाटी खराब होत राहते ते तुम्हाला कळतही नाही. नवा कोनसेट, भरपूर ग्रीस, वरचा नट इतकाच आवळायचा की प्ले शून्य पण हँडल स्वतःच्या वजनाने बाजूला पडेल. सोबत पुढच्या चाकाच्या तारा वाजवून बघितल्या, बेअरिंग बघितलं, टायरमधली हवा ऑफ-रोडसाठी असते तेवढी केली. खरं सांगू का, एवढं केल्यावरच गाडी इतकी सुधारली की डॅम्परचे पैसे वाचवावेत का असा विचार येऊन गेला. (आला आणि गेला.)

आता माउंट. डॅम्परची बॉडी वरच्या टी (चिमट्याचे दोन्ही पाय वरून जोडणारी पट्टी) सोबत फिरते, त्यातून एक आर्म मागे टाकीकडे येतो, आणि त्या आर्मची खाच फ्रेमवर उभ्या असलेल्या एका पिनवर बसते. पिन स्थिर, बॉडी फिरते, भांडण त्यांच्यात लागतं. ह्यात दोन गोष्टी चुकून चालत नाहीत, डॅम्परचा मध्य आणि स्टेम नटचा (हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं त्याच्यावरचा नट) मध्य एकावर एक हवा, आणि पिनची उंची अशी हवी की आर्म ना तिच्या टोकावर लटकतोय ना बुडाला घासतोय. पुठ्ठ्याच्या खोक्यातून नमुना कापला, स्टेमवर ठेवून भोकं मारली, आर्मची लांबी त्याच्यावर पेनाने काढली, आणि तो पुठ्ठा घेऊन गेलो.

लेथवाल्या काकांनी डॅम्पर हातात घेऊन आर्म हळू फिरवला, मग एकदम झटका दिला, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तर बँकेच्या दारावर असतं ते."

मी म्हटलं, "तेच काका, फक्त हे दार साठच्या स्पीडला आपटतं."

"मग पिन ईएन-८ची करू, एमएसची वाकेल. आणि फ्रेमला वेल्डिंग करायचं म्हणत असशील तर मी नाही करणार."

(ईएन-८ म्हणजे कडक पोलाद, एमएस म्हणजे साधं मऊ.) वेल्डिंगचं मी म्हणतच नव्हतो. हेड ट्यूबला (फ्रेमच्या पुढच्या टोकाची नळी, कोनसेट हिच्यातच बसतो) वेल्डिंग मारलं की उष्णतेने ती किंचित वाकडी होऊ शकते, वाटी बसते ती जागा गोल राहिली नाही की नवा कोनसेटही महिन्यात वाजायला लागेल. म्हणून दोन तुकड्यांची कॉलर केली, हेड ट्यूबला दोन्हीकडून मिठी मारणारी, दोन बोल्टने आवळायची, मागच्या तुकड्यातून पिन वर येते. कॉलरला आतून पातळ रबराची पट्टी लावायचा सल्ला मला एकाने दिला होता, काकांनी तो उडवून लावला, रबर असेल तर कॉलर फिरणार, धातूला धातूच पकडतो म्हणाले, आणि ते बरोबर आहे. पिन वरच्या टीच्या मागच्या कडेपासून एक सूत लांब ठेवली, कारण हँडल पूर्ण वळलं की टीचा कोपरा पिनकडे येतो.

डॅम्पर हँडलच्या वर बसवायचा का खाली ह्यावर लोक तासन् तास वाद घालतात. मी खाली बसवला. वर बसवला की पडताना छाती नेमकी त्या अ‍ॅल्युमिनियमच्या डबीवर येऊ शकते, आणि पिनही लांब करावी लागते, लांब पिन म्हणजे जास्त वाकणं. खाली बसवायचं तर हँडल वर उचलावं लागतं, माझं २५ मिमी वर आलं, मला उभं राहून चालवताना ते तसंही खालीच वाटायचं त्यामुळे बोनस. फक्त लांब बोल्ट १०.९ ग्रेडचेच (मजबूत पोलादाचे) घ्या, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधला चमकणारा कुठलाही बोल्ट नको, हँडल त्याच्यावर आहे.

फिटिंगला वेळ लागला तो केबलींमध्ये. हँडल वर गेल्यामुळे क्लच केबल आणि ब्रेकचा होज दोन्ही ताणले गेले, मीटरच्या मागून रस्ता बदलून परत ओवले. मग गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवलं, ही टेस्ट कधीच चुकवू नका, आरपीएम वाढला तर थ्रॉटल केबल ताणतेय आणि एखाद्या वळणावर गाडी स्वतःच पळेल. त्याच वेळी खाली वाकून बघायचं की हँडल थांबतंय ते फ्रेमच्या स्टॉपरवर का डॅम्परच्या आतल्या टोकावर. स्टॉपरवरच थांबलं पाहिजे, नाहीतर गाडी पडली की सगळा भार डॅम्परच्या पात्यावर.

सेटिंगचं एकच सांगतो, सैलपासून सुरू करा. सगळे घरीच पार्किंगमध्ये नॉब घट्ट करून हँडल हलवून "वा, काय जड झालंय" म्हणतात, आणि तसंच कच्च्या वाटेवर नेतात. जास्त घट्ट डॅम्परने गाडी हळू वेगात पिऊन आल्यासारखी चालते, कारण तोल सांभाळायला आपण नकळत हँडलला जे बारीक बारीक धक्के देत असतो तेच अडतात. मी पूर्ण सैल ठेवून मोकळ्या जागेत इंग्रजी आठचा आकडा काढत एकेक क्लिक वाढवत गेलो, गाडी डुलायला लागली तिथून दोन क्लिक मागे, तेच माझं सेटिंग. ट्रॅक्टरच्या चाकोरीत किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूत अजून दोन-तीन वाढवतो, घाटातल्या हेअरपिनला परत सैल, नॉब चालवताना हाताला येतो त्यामुळे थांबावं लागत नाही.

फरक? दगड तेच आहेत, फटका कळतो, पण हँडल पळून जात नाही. चाकोरी ओलांडताना पुढचं चाक कडेवर चढायला बघतं तेव्हा पूर्वी मी हँडल आवळून धरायचो, आता सैल धरतो आणि गाडी जाते. जे होत नाही तेही सांगतो, वाळूत चाक रुतत असेल तर रुततंच, वजन मागे घेऊन थ्रॉटल द्यावाच लागतो, आणि सस्पेन्शन बुडाला आपटत असेल तर त्याला डॅम्पर काहीच करू शकत नाही. तुमचे टायर गुळगुळीत झाले असतील तर आधी टायर घ्या.

मेंटेनन्स म्हणजे दर धुण्यानंतर आर्म पिनवरून वर उचलायचा, खाचेतला चिखल पुसायचा, थोडं ग्रीस, कॉलरचे बोल्ट हाताने तपासायचे. पावसाळ्यात हे केलं नाही तर लाल माती आणि ग्रीस मिळून घासकागद तयार होतो आणि पिन खाल्ली जाते. काकांनी एक पिन जास्तीची करून दिलीये, पैसे घेतले नाहीत, म्हणाले कॉलरचं ड्रॉइंग ठेवून घेतलंय, अजून कोण एक्सपल्सवाला आला तर त्याच्याकडून वसूल करतो. तेव्हा ज्यांना हवाय त्यांनी भोसरीला जाताना पुठ्ठा कापायची गरज नाही, डॅम्पर तेवढा सोबत न्या.