भिंगाशिवाय कॅमेरा: अखेर समई दिसली

काल रात्री स्क्रीनवर समई ओळखू आली. तीन वाती लावल्या होत्या, त्या तीनही वेगळ्या मोजता आल्या! कॅमेऱ्याला भिंग नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या व्ही२ कॅमेऱ्याचं भिंग काढलंय आणि सेन्सरपुढे 3 मिमीवर, खिडकी पाडलेल्या काळ्या कार्डावर, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली आहे. मूळ कल्पना अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात लॉरा वॉलर यांच्या प्रयोगशाळेतल्या डिफ्यूझरकॅमची, म्हणजे भिंगाऐवजी उजेड विखुरणारा पडदा लावलेल्या कॅमेऱ्याची.

टेपमधून एका बिंदूचा उजेड आला की सेन्सरवर जाळी उमटते, उन्हात विहिरीच्या तळाशी हलते ना, अगदी तशी. बिंदू सरकला की जाळी सरकते. समोरचं दृश्य म्हणजे अशा असंख्य सरकलेल्या जाळ्यांची बेरीज, आणि ती बेरीज उलगडायचं काम एडीएमएमचं, म्हणजे फेरीफेरीनं उत्तराजवळ नेणाऱ्या गणिती पद्धतीचं. सेन्सरचं चित्र आठपट लहान करून 410 × 308 वर 100 फेऱ्या चालवतो.

दोन महिने मात्र नुसतं करडं धुकं निघत होतं. पहिली चूक जेपीईजी वापरण्याची. त्यात कॅमेरा उजेडाचं प्रमाण स्वतःच वाकवतो, मग बेरीज बेरीज राहत नाही. सेन्सरचे मूळ, न बदललेले आकडे, म्हणजे 10 बिटांचा रॉ डेटा, घेतल्यावर आकार दिसू लागले, पण कडा फाटलेल्या.

दुसरी चूक सापडायला वेळ लागला. बेरीज उलगडायला एका बिंदूची जाळी नमुना म्हणून आधी टिपावी लागते. त्यासाठी एलईडीची जाळी टिपली होती 10 सेंमीवरून, समई होती 50 सेंमीवर. बिंदू जवळ असला की जाळी मोठी पडते: 10 सेंमीला 3 टक्के, 50 सेंमीला 0.6 टक्के. फरक किरकोळ वाटतो, पण लहान केलेल्या चित्रातही कडेला जवळजवळ 5 पिक्सेल चुकतात. एलईडी समईच्या जागी ठेवून जाळी पुन्हा टिपली आणि वाती सुट्या झाल्या. अंतरागणिक जाळी बदलते म्हणूनच एका फोटोतून वस्तू किती दूर आहे तेही काढता येतं, त्यामुळे हा त्रास मला फार मोलाचा वाटतो.

सावलीवरून चित्र काढण्याची ही युक्ती ॲस्ट्रोसॅट या भारताच्या खगोल उपग्रहावरही आहे. 2015 साली गेलेल्या त्या उपग्रहातल्या सीझेडटीआय दुर्बिणीत क्ष-किरणांसाठी भोकं पाडलेला टँटलम धातूचा पत्रा आहे, आणि तिचं काम पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेतून चालतं. तिथे भिंग चालतच नाही, कारण इतके तीव्र किरण त्यानं वळत नाहीत.

माझ्या चित्रात अजून कडेला उजेडाचा पट्टा येतो. जाळी सेन्सरबाहेर सांडत असावी, म्हणून कार्डाची खिडकी लहान करतोय. रविवारी पिंपळाचं पान, मागून दिवा लावून.