एमआरची नोकरी सोडून हॉटेल सेल्समध्ये

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीची मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह होते. आता पुण्यातल्या एका बिझनेस हॉटेलात कॉर्पोरेट सेल्स बघते, म्हणजे कंपन्यांना खोल्या आणि हॉल विकते. हॉटेल मॅनेजमेंटची पदवी माझ्याकडे नाही, त्यामुळे ‘तुला घेतलं कसं?’ हे जुने सहकारी हमखास विचारतात. त्यांच्यातले काहीजण खरंच बदलाच्या विचारात आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मला घेतलं ते सायकल मीटिंगमुळे, म्हणजे औषध कंपनीच्या सेल्स टीमच्या ठरावीक काळाने होणाऱ्या बैठकीमुळे. फार्मातल्या माणसाला ती काय असते हे सांगायला नको. राज्यभरातून टीम येते, दोन-तीन दिवस मुक्काम, ट्विन शेअरिंगच्या खोल्या, सकाळपासून हॉल आणि शेवटच्या रात्री जेवणाचा मोठा कार्यक्रम. हॉटेलवाल्यांसाठी हा सगळा रेसिडेन्शियल कॉन्फरन्सचा धंदा, आणि तो वर्षातून अनेकदा परत येतो. कुठल्या कंपनीची मीटिंग साधारण कधी लागते, हॉटेल रीजनल मॅनेजर ठरवतो की मुंबईचं हेड ऑफिस की मधला इव्हेंटवाला, हे मला तोंडपाठ होतं. म्हणून सीव्हीमध्ये टार्गेट-अचिव्हमेंटचे टक्के मी खाली ढकलले आणि ही माहिती वर घेतली. मुलाखतीत पहिला प्रश्न आलाच: ‘अकाउंट कुठली आणाल?’, म्हणजे कुठल्या कंपन्या ग्राहक म्हणून आणाल. त्यापुढचा बराच वेळ आम्ही फक्त औषध कंपन्यांबद्दल बोलत होतो.

माझं ठाम मत आहे की दुसऱ्या क्षेत्रातून येणाऱ्याने नवखं म्हणून दार ठोठावू नये. विमा, बँक, ऑटो, ज्या क्षेत्रात तुम्ही वर्षं काढलीत तिथले लोक कधी प्रवास करतात, कुठे उतरतात आणि बिलावर सही कोणाची लागते, हे हॉटेलातल्या कुणापेक्षाही तुम्हाला जास्त ठाऊक असतं. पद मात्र खालचं मिळतं, सुरुवातीचा पगारही थोडा कमी. घरी हे आधी बोलून घ्या.

रुजू होताना मी एक गोष्ट मागून घेतली: सेल्सचे कॉल सुरू करण्याआधी फ्रंट ऑफिस आणि बँक्वेटमध्ये (हॉलमधले कार्यक्रम सांभाळणाऱ्या विभागात) बसू द्या. त्याचा फायदा अजून होतो. कार्यक्रम ठरला की सेल्सवाला फंक्शन प्रॉस्पेक्टस काढतो, सगळे त्याला एफपी म्हणतात. किचन, हाऊसकीपिंग, सिक्युरिटी सगळे त्या कागदावर चालतात. एकदा बँक्वेट कॅप्टनने एक एफपी माझ्यापुढे धरला आणि विचारलं, ‘मॅडम, चहा ११ वाजता, म्हणजे ११ ला काउंटर सुरू की ११ ला कप हातात?’ हॉल वरच्या मजल्यावर, चहा खाली लॉनवर. ८० माणसं उतरून परत वर येईपर्यंत पुढच्या वक्त्याची पंधरा मिनिटं गेलेली असतात. डॉक्टरांच्या सीएमईला, म्हणजे त्यांच्या शिक्षणासाठीच्या व्याख्यानांना, मी वर्षानुवर्षं यजमानाच्या बाजूने उभी राहिले होते, त्या पंधरा मिनिटांचा ताण मला माहीत होता. तेव्हापासून चहा हॉलबाहेरच लागेल हे मी बुकिंग घेतानाच ठरवून टाकते.

खरी नवी गोष्ट शिकावी लागली ती हिशेबाची. औषधाची स्ट्रिप आज गेली नाही तर एक्सपायरीपर्यंत वेळ असतो. आजची रिकामी खोली उद्या विकता येत नाही. समजा १०० खोल्या आहेत, ७० भरल्या, सरासरी दर ५,००० रुपये. मालक ५,००० कडे बघत नाही, तो ३,५०० बघतो, कारण उत्पन्न सगळ्या १०० खोल्यांवर वाटलं जातं. त्यात पुण्याची गंमत अशी की हिंजवडी-चाकणच्या कामासाठी येणारे पाहुणे सोमवार ते गुरुवार गर्दी करतात आणि शनिवारी हॉटेल ओस पडतं. मंगळवारी ४० खोल्यांचा ग्रुप स्वस्तात घेतला तर रोजचा पाहुणा शेजारच्या हॉटेलात जातो, तोही पूर्ण दर देणारा. त्यामुळे तोच ग्रुप शुक्रवार-शनिवारवर वळवणं हे माझं निम्मं काम आहे.

कंपन्यांच्या अ‍ॅडमिनकडून एक प्रश्न वारंवार येतो, त्याचं उत्तर तयार ठेवा: ‘या बिलावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे आमच्या करातून वजावट, आम्हाला मिळेल का?’ हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी हॉटेल ज्या राज्यात आहे तिथला लागतो. कंपनीची नोंदणी फक्त कर्नाटकात असेल तर पुण्यातल्या मुक्कामाचं इनपुट क्रेडिट तिला मिळत नाही. हे आधीच सांगितलं की बिलावरून होणारे नंतरचे वाद टळतात.

आणि टेबलावर पंचांग ठेवा, मी अगदी मनापासून सांगते. चातुर्मासात, पौषात आणि अधिक महिन्यात लग्नं जवळजवळ थांबतात. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, म्हणजे ऐन लग्नसराईत हॉल मोकळे. अशा वेळी कॉन्फरन्सला सवलतीचा दर देता येतो.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. इन्सेंटिव्ह रूम नाईटवर (एक खोली, एक रात्र या हिशेबाने) आहे की एकूण उत्पन्नावर, आणि उधारीची वसुली कोणाच्या गळ्यात. आमच्याकडे ती सेल्सच्या गळ्यात आहे. स्टॉकिस्टकडे, म्हणजे औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडे, पेमेंटसाठी चकरा मारलेल्या माणसाला ते जड जात नाही.